कांदळाची गोणी

संगिता गंजाडची. तिच्या माहेरी पाणी म्हणजे विहिरीचं, ओहोळाचं, नाहीतर भाताच्या खाचरात साचलेलं. सगळं गोडं आणि आपल्या जागी राहणारं. वैशाखात लग्न होऊन ती डहाणूच्या खाडीकाठच्या पाड्यावर आली आणि पहिल्याच दिवशी गोंधळली. सकाळी घरामागे पाणी होतं, दुपारी तिथे नुसता काळा चिखल होता आणि दिवेलागणीला पाणी पुन्हा हजर.

"हे पाणी जातं कुठं?" तिने नवऱ्याला विचारलं.

"फिरायला," प्रविण म्हणाला आणि हसत चिकूच्या वाडीत कामाला निघून गेला.

पाण्याची सवय तिला झाली. सवय झाली नाही ती घरातल्या माणसांची. या घरात सगळे ओरडून बोलायचे. सासरा धाकल्या प्यायला पाणी मागायचा तेही आढ्याला आग लागल्यासारखं. एरवी तिच्याशी हळू बोलणारा प्रविण आईसमोर गेला की त्याच्या गळ्याच्या शिरा फुगायच्या. संगिताच्या माहेरी असं नव्हतं. तिचे वडील लाहू बैलाशीसुद्धा हळू बोलायचे. त्यामुळे तिला वाटलं, या घरात कसला तरी मोठा राग खदखदतोय, आणि तो आपण आल्यापासूनच असणार. मग ती आणखी हळू बोलू लागली. इतकं हळू, की कधीकधी आपला आवाज तिलाच ऐकू यायचा नाही.

सासू बारकी तर तिच्याशी बोलायचीच नाही. कामं सगळी बरोबरीने करायची, ताटात वाढायची, आंघोळीला पाणी काढून ठेवायची, पण तोंडातून शब्द नाही. एकदा चुलीपाशी बसून संगिताने विचारलं, "आये, कालवणात मीठ किती टाकू?"

बारकीने विस्तव सारला आणि म्हणाली, "गुरुवारी येईल तो."

संगिताने मान खाली घातली. ही आपली चेष्टा करते, असं तिने धरलं. त्या दिवशी कालवण अळणी झालं आणि कुणीच काही बोललं नाही, याचंही तिला वाईट वाटलं.

पाड्याचं भात पिकायचं ते खाजणात. खाजण म्हणजे खाडीला बांध घालून आत राखलेली जमीन. बांध आहे तोवर भात, बांध फुटला की मीठ. आदल्या थंडीत वादळ आलं तेव्हा लाटांनी धाकल्याच्या शेताजवळचा बांध पोखरला होता. पुरुषांनी दगड लोटून, माती घालून तो पुन्हा उभा केला. पण प्रत्येक उधाणाला थोडी माती खाडी घेऊन जायचीच. बारकी रोज संध्याकाळी तिथे जाऊन उभी राहायची. पूर्वी बांधापुढे कांदळाची झाडं दाट होती, लाटेचा जोर तीच खात असत. ती कुणी जळणाला नेली, काही वाळून गेली, आणि बांध उघडा पडला. तरुणपणी बारकीने ती झाडं पाहिलेली होती.

श्रावण लागला. भाताची आवणी, म्हणजे रोपांची लावणी, उरकली. नारळी पौर्णिमेच्या सुमाराला एका संध्याकाळी बारकी संगितासमोर येऊन उभी राहिली.

"उद्या पहाटे खाडीपलीकडं जायचं. कांदळाच्या शेंगा पिकल्यात. तू चल. धाकल्याचा गुडघा दुखतो नि प्रविणला वाडीतून सुट्टी नाय."

सासूने एका दमात इतके शब्द काढले होते, की संगिता नुसती बघत राहिली. मग घाईघाईने तिने मान हलवली. त्या रात्री तिला आनंदही झाला आणि धडकीही भरली.

उजाडता उजाडता दोघी निघाल्या. पौर्णिमेच्या दिवसांत ओहोटी खूप लांब जाते. खाडीचा तळ उघडा पडला होता आणि वर आलेल्या उन्हात कढईसारखा चमकत होता. चिखलावर निवट्या उड्या मारत होत्या. मासा असून पाण्याबाहेर बागडतो हे संगिताने पहिल्यांदाच पाहिलं आणि ती थांबून बघतच राहिली. बारकी पुढे. तिच्या पायात जुने प्लास्टिकचे बूट होते, ते तिने चिंधीने घोट्याला बांधले होते.

काठाने तिवराची झाडं होती. त्यांच्या बुंध्याभोवती लांबवर चिखलातून बोटाएवढाले खुंट वर आले होते, कुणी जमिनीखालून खिळे ठोकावेत तसे. संगिता अनवाणी होती. पहिलाच खुंट तळव्याला टोचला आणि ती "आई गं" म्हणाली.

"खिळ्याखिळ्यांतूनच चाल," बारकी मागे वळून तिच्या पायांकडे बघत म्हणाली. "तिवर त्यांतून श्वास घेतो. खाली मुळांची चटई आहे, ती तुला धरंल."

संगिता टोचून घेत, तोंड वाकडं करत चालली. मधे एक अरुंद चर लागला, त्यात घोट्याएवढं पाणी होतं. तो ओलांडून दोघी कांदळाच्या बनात शिरल्या.

आत गेल्यावर मात्र ती पायांचं दुखणं विसरली. इथली झाडं जमिनीवर टेकलेलीच नव्हती. प्रत्येक झाडाने बुंध्यातून वाकडे पाय काढून ते चिखलात रोवले होते आणि स्वतः वर, पाण्याचा हात लागणार नाही अशा बेताने उभं राहिलं होतं. फांद्यांना शेवग्याच्या शेंगांसारख्या लांब हिरव्या शेंगा लोंबत होत्या. बारकीने एक हातात धरली, जराशी हलवली. ती सुटली आणि टोकावर सरळ चिखलात जाऊन उभी राहिली.

"ही शेंग नाय खरी," बारकी म्हणाली. "बी झाडावरच रुजतं. खाली पडतं ते रोपच. वरती बघ, गळ्याशी पिवळं झालंय ना, तेवढंच घ्यायचं. हात लावला नि सुटलं तर आपलं. नाय सुटलं तर त्याला आईपाशी राहू दे."

संगिताला एकदम मौज वाटली. जन्मभर तिने रोपांसाठी राब भाजला होता, पेरणी केली होती, रोपं उपटून मुठी बांधल्या होत्या, आणि इथे झाड आपणच रोप तयार करून हातात देत होतं.

"आये, म्हणजे यानं आवणीचं अर्धं काम करूनच ठेवलंय की!" ती म्हणाली.

बारकी पलीकडच्या फांदीकडे वळली.

संगिता हिरमुसली. पण हात थांबले नाहीत. गळ्याशी पिवळी पडलेली शेंग शोधायची, हलकेच हलवायची, सुटली की गोणीत. काम गोड होतं. बघता बघता मोठी गोणी भरली. बारकीने तिचं तोंड सुतळीने बांधलं, आपल्या ओच्यात आणखी शेंगा भरून घेतल्या आणि आकाशाकडे पाहिलं.

"चल. पाणी वळलं असंल."

परतताना गोणी संगिताच्या डोक्यावर होती. ओझ्याने प्रत्येक खुंट दुप्पट टोचत होता. चर ओलांडल्यावर उजव्या हाताला गुळगुळीत, सपाट चिखल पसरला होता. एकही खुंट नाही. अगदी आवणीआधी चिखलणी केलेल्या खाचरासारखा. चिखलात तर आपला जन्म गेला, असं मनाशी म्हणत ती खुंटांतून बाहेर पडली आणि त्या मऊ चिखलावर उतरली.

पहिलं पाऊल घोट्यापर्यंत गेलं. दुसरं गुडघ्यापर्यंत. तिसरं उचलायला गेली तेव्हा ते उचललंच नाही. तोल जाऊन डोक्यावरची गोणी बाजूला पडली आणि संगिता मांडीपर्यंत खाली गेली.

घाबरली नाही ती. खाचरातून पाय कसा काढायचा हे तिला ठाऊक होतं. बोटं खाली, टाच वळवायची आणि तिरका ओढायचा. तिने वळवला. गाळाने पाय घट्ट धरून ठेवला होता, जसा काही तो त्याचाच होता. तिने दुसरा ओढून पाहिला तर पहिला आणखी खाली गेला.

"आये," तिने हाक मारली.

बारकी पुढे चालत होती.

"आये! मी रुतले!"

बारकी चालतच होती. आणि तेवढ्यात संगिताने खाडीच्या तोंडाकडे पाहिलं. मघाशी काळा असलेला चिखल तिकडे चकाकू लागला होता. पाणी येत होतं. चराच्या कडेने एक बारीक चांदीची पट्टी सरकत पुढे येत होती.

मग मात्र संगिताने छाती भरून घेतली आणि आयुष्यात ओरडली नव्हती तशी ओरडली. "आऽऽऽये!"

तिवरावरचे बगळे उडाले. बारकी वळली. आधी सून दिसली नाही, मग अर्धीच दिसली. ती धावत मागे आली, खुंटांच्या कडेला उभी राहून हात पुढे केला, हात पुरेना म्हणून एक पाऊल पुढे टाकलं आणि संगिताचा पंजा धरून जोर लावला. संगिता वर आली नाही. बारकी मात्र गुडघ्याच्या वरपर्यंत खाली गेली. ओच्यातल्या शेंगा सगळीकडे उडाल्या.



"घसा बसला का गं तुझा?" बारकीने विचारलं.

"नाय."

"काय?"

"नाय म्हटलं, आये! नाय बसला!"

"मग एवढा खणखणीत आवाज असून आजवर कुणासाठी राखून ठेवला होतास?" बारकी म्हणाली. "तू आल्यापासून तुझं एक अक्षर मला कळलं नाय. मला वाटलं, गंजाडची पोरगी, वाडीतल्या सावलीत वाढलेली, हिला खारं घर आवडलं नाय. तोंडातल्या तोंडात शिव्या देते."

"शिव्या?" संगिता ओरडली. "मी मीठ विचारत होते!"

"कधी?"

"कालवणात मीठ किती टाकू विचारलं तर तुम्ही म्हणालात, गुरुवारी येईल तो!"

बारकी विचारात पडली. मग तिचे डोळे बारीक झाले. "मला वाटलं, मीठवाला कधी येणार विचारतेस." तिने आपल्या डाव्या कानावर चिखलाचा हात ठेवला. "हा कान पोरपणीच गेला. पिकून पिकून गेला. उजव्यानं ऐकू येतं, पण माणसानं जरा तोंड उघडलं तर. प्रविणनं सांगितलं नाय तुला?"

"नाय."

"बापासारखाच आहे. बापानंही लग्नात माझ्या बाला सांगितलं नव्हतं, की त्याचा गुडघा दुखतो."

संगिताला आधी कळेना, आपल्याला काय होतंय. घर म्हणजे खदखदता राग, असं जे ती इतके दिवस उराशी धरून बसली होती, त्यामागे नुसता एक बहिरा कान होता. सासरा रागावलेला नव्हता, नवरा रागावलेला नव्हता. आणि आपण मात्र चुलीपाशी रोज नेमकं डाव्या बाजूला बसून कुजबुजत होतो. ती हसायला लागली. बारकीने विचारलं, "काय झालं?" तर तिला सांगता येईना. तिने हातानेच चूल फुंकल्याची खूण केली, बारकीच्या डाव्या बाजूला बोट दाखवलं, मग तिचा कान दाखवला. बारकीला उमजलं. तिचं हसू आधी खांद्यांत दिसलं, मग पोटात, मग ती मोठ्याने हसू लागली, आणि हसताना आणखी चार बोटं खाली गेली.

"हसू नको, हसू नको," ती हसतच म्हणाली. "जेवढं हलशील तेवढं जाशील."

पाण्याची पट्टी आता चरातून बाहेर पडून त्यांच्याकडे वळली होती. संगिताचं हसू थांबलं.

"आये, पाणी आलं."

"येऊ दे."

"मला पोहता येत नाय!"

"तुला कोण पोह म्हणतं? पाणी आलं म्हणूनच तर सुटणार. कोरडा गाळ पाय सोडत नाय. पाणी आत शिरलं की सोडतो." बारकीने मान वळवली. "गोणी कुठंय?"

गोणी संगिताच्या हाताशीच पडली होती.

"ती पुढ्यात घे. तोंड घट्ट आहे ना? शेंगा तरंगतात. समुद्रातून या गावच्या त्या गावी जातात त्या, तुला-मला नाय बुडू देणार. छातीखाली घेऊन पालथी हो. पाणी पोटाला लागलं की मग पाय सोडवायला घे, आधी नाय."

संगिताने गोणी ओढून घेतली आणि तिच्यावर पालथी झाली. दुसऱ्या बाजूने बारकीने हात टाकले. दोघींची डोकी समोरासमोर आली. पाणी आलं ते आवाज न करता. आधी गुदगुल्या झाल्या, मग थंडगार झालं, मग चिखलातून बुडबुडे फुटू लागले. संगिताने गोणी घट्ट आवळली. बारकीने तिच्या मनगटावर हात ठेवला आणि तो तिथेच राहू दिला.

"गंजाडला काय पिकतं तुमच्या?" तिने विचारलं, जशा काही दोघी ओटीवर बसल्या होत्या.

"भात! नागली! वरल्या बाजूला तूर!" संगिता मोठ्याने म्हणाली.

"आणि तुझी आई बरी आहे?"

"बरी आहे! तुमची आठवण काढते!"

"खोटं बोलतेस."

"हो!"

पुन्हा दोघी हसल्या. आणि त्या हसण्यातच संगिताला गोणी हलल्यासारखी वाटली. खरंच हलत होती. शेंगांनी भरलेली ती जड गोणी पाण्यावर अलगद उचलली गेली होती. पायाभोवतीचा गाळ मऊ पडला होता, पेजेसारखा.

"आता!" बारकी म्हणाली.

संगिताने बोटं खाली केली, टाच वळवली आणि तिरका पाय ओढला. भसकन आवाज होऊन तो सुटला. दुसराही सुटला. ती गोणीवर आडवी झाली आणि बेडकासारखे पाय झाडू लागली.

"आये, टाच वळवा! टाच! भातातून काढतात तशी!"

बारकीने टाच वळवली. पाय आला, बूट मात्र आत राहिला. तिने दुसरा ओढला, दुसराही बूट राहिला.

"ठेव तुला," ती गाळाला म्हणाली.

खुंटांची कड फार दूर नव्हती. गोणी ढकलत, अर्धवट पोहत, अर्धवट सरपटत त्या तिथे पोचल्या. मघाशी टोचणारे ते खुंट संगिताने दोन्ही मुठींत धरले आणि त्यांना सोडायला ती तयार होईना. बारकीने मागे वळून ओच्यातून सांडून पाण्यावर तरंगणाऱ्या शेंगा पाहिल्या. त्या आपापल्या वाटेने काठाकडे निघाल्या होत्या. "जाऊ दे त्यांना," ती म्हणाली. "लागतील कुठंतरी."

पाड्याच्या कडेला शेजारची तानी भांडी घासत होती. खाडीतून दोन काळीभोर धुडं वर येताना पाहून ती उठली आणि गावभर ओरडली, "धाकल्याऽ, तुझ्या म्हशी सुटल्या रेऽ!"

धाकल्या काठी घेऊन लंगडत बाहेर आला. म्हशी जवळ आल्या. त्यांतली एक म्हणाली, "काठी ठेव नि गरम पाणी लाव."

त्या दुपारी न्हाऊन दोघी चुलीपाशी बसल्या तेव्हा संगिता उजव्या बाजूला बसली. कुणी काही सांगायची गरज पडली नाही. संध्याकाळी प्रविण आला आणि दारातच थबकला. आत दोन बायका तारस्वरात बोलत होत्या. त्याला वाटलं, पेटलं भांडण. तो धावत आत गेला तर बायको त्याच्यावरच उखडली, "कान सांगायला काय झालं होतं रे तुला?"

"त्यात सांगायचं काय?" तो म्हणाला. "सगळ्यांना माहीत आहे."

सासू-सुनेने एकमेकींकडे पाहिलं आणि त्याला त्या दिवशी भाकरी उशिरा मिळाली.

पुढच्या ओहोटीला लावणी झाली. बातमी पाड्यावर पसरली होतीच. तानी आली, तिच्या मागून आणखी बायका आल्या. बांधापुढच्या चिखलात फळ्या टाकून त्यांवर उभं राहायचं आणि शेंग टोकाकडून खोचायची, असं बारकीने ठरवलं. सगळ्यांत भराभर हात चालला तो संगिताचा. वाकणं, खोचणं, मागे सरकणं तिच्या अंगातच होतं. तिने आवणीची लय धरली, तोंडाने माहेरचं गाणं सुरू केलं, आणि बारकीला ऐकू जावं म्हणून ते इतक्या वर चढवलं की बांधावर बसलेला धाकल्या म्हणाला, आता समुद्रही मागे सरेल.

सगळ्या शेंगा काही जगल्या नाहीत. काही चिंबोऱ्यांनी कुरतडल्या, काही उधाणाने उपटून नेल्या, एका कोपऱ्यातल्या सगळ्या गाळाखाली गाडल्या गेल्या. संगिता त्या कोपऱ्याशी जाऊन हळहळली. पण बाकीच्या उभ्या राहिल्या. दिवाळीनंतर त्यांच्या शेंड्याला दोन जाड, तकतकीत पानं फुटली. दिवसातून दोनदा खारं पाणी त्यांना बुडवून जायचं आणि दोनदा ती न्हाऊन वर यायची.

पुढच्या वर्षी आवणी आटपून लाहू लेकीला भेटायला गंजाडहून आले. सोबत नागलीचं पीठ आणि तुरीची डाळ. संगिता त्यांना लगेच बांधावर घेऊन गेली. चिखलात गुडघाभर उंचीची हिरवी रांग उभी होती आणि तिच्या बाजूला बायका यंदाच्या नव्या शेंगा खोचत होत्या. रांग म्हणजे काय, वेडीवाकडी होती. खालच्या बाजूने काहींना वाकडे पाय फुटायला लागले होते.

लाहूंनी वाकून रांग न्याहाळली. मग हळूच म्हणाले, "याला खत काय घालता?"

"बाबा, मोठ्यानं," संगिता म्हणाली. "आये मागे उभी आहे."

लाहूंनी घसा साफ केला. शांत माणूस तो, आयुष्यात कुणावर आवाज चढवलेला नाही. व्याहिणीकडे वळून त्यांनी डोळे मिटले आणि ओरडले, "खत काय घालता?"

"समुद्र घालतो!" बारकी ओरडली. "चला खाली! थोड्या शेंगा राहिल्यात!"

लाहूंनी धोतर वर खोचलं आणि फळीवर उतरले. पहिली शेंग त्यांनी जपून खोचली, दुसरी तिच्या ओळीत, तिसरीही त्याच ओळीत. अंतर हाताने मोजून. बायका थांबून बघू लागल्या. तानी म्हणाली, एवढ्या सरळ ओळीत तर शाळेतली पोरंही उभी राहत नाहीत. लाहू मान खाली घालून हसले, पण ओळ काही त्यांनी मोडली नाही.

पाणी वळलं तेव्हा सगळे वर आले. ओटीवर बारकीने भाकऱ्या आणि सुक्या बोंबलाचं कालवण वाढलं. लाहूंनी पहिला घास घेतला, थांबले, आणि छाती भरून म्हणाले, "मीठ अगदी बेताचं आहे!"

"मी घातलंय!" संगिता म्हणाली आणि त्यांच्या ताटात आणखी एक भाकरी टाकली.